मोटारीची कांती आणि सोंगक्रानचे पाणी

थायलंडातील सोंगक्रान हा नववर्षाचा सण दरवर्षी 13, 14 आणि 15 एप्रिल या तीन दिवशी होतो. सूर्याच्या मेषराशीतील प्रवेशाशी निगडित असलेल्या या सणाचा मूळ शिरस्ता अत्यंत सौम्य आहे: बुद्धमूर्तीला सुगंधी जलाने स्नान घालावे, वडीलधाऱ्यांच्या तळहातांवर तेच जल हळुवार ओतून त्यांचे आशीर्वाद घ्यावेत, आणि वर्षभर भाविकांच्या पायांना चिकटून मंदिराच्या आवाराबाहेर गेलेली माती परत करावी या भावनेने तेथे वाळू नेऊन तिचे लहान लहान स्तूप रचावेत. उत्तरेकडील लान्ना प्रदेशात या जलात ज्या शेंगा भाजून टाकतात त्या आपल्याकडे घरोघरी केस धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शिकेकाईच्याच होत, हे ज्या दिवशी मला प्रथम कळले त्या दिवसापासून हा सण मला परका वाटेनासा झाला. 2023 साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. परंतु वाटीभर जलाचा हा विधी रस्त्यावर उतरला की तो वाटीपुरता राहत नाही. बादल्या, नळ्या, पिचकाऱ्या आणि मालमोटारींवर चढवलेली पिंपे यांच्या साहाय्याने सारे शहर साऱ्या शहराला भिजवू लागते, आणि त्या तीन दिवसांत रस्त्यावर आलेले कोणतेही वाहन कोरडे घरी परतत नाही.

च्यांग माई या शहरात, जेथे गेली काही वर्षे माझे वास्तव्य आहे, या उत्सवाला स्थळानेच विशेष साहाय्य केले आहे. मेंगराय राजाने 1296 साली वसवलेल्या या नगराला चारी बाजूंनी पाण्याचा खंदक आहे. त्याची प्रत्येक बाजू सुमारे दीड किलोमीटर लांब असून आतून आणि बाहेरून असे दोन रस्ते त्याला लागून गेलेले आहेत. त्यामुळे दोरी बांधलेली बादली खंदकात सोडावी, वर ओढावी आणि समोरून मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या वाहनावर रिकामी करावी, इतकेच काय ते करायचे उरते. पाण्याचा पुरवठा मुबलक आणि लक्ष्याचाही तितकाच. त्यातच हा काळ येथील उन्हाळ्याच्या परमावधीचा. फेब्रुवारीपासून शेतांतील पाचट आणि डोंगरांवरील रान जळत असते, त्याचा धूर या खोऱ्यात कोंडून राहतो, आणि पाऊस पडलेला नसल्याने राखेचा व धुळीचा एक करडा थर झाडांच्या पानांवर, घरांच्या छपरांवर आणि उघड्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक मोटारीच्या टपावर साचलेला असतो. सणाचे पहिले पाणी मोटारीच्या रंगावर पडत नाही, या थरावर पडते. आणि पुढील सारी हकिकत समजण्यासाठी ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

खंदकाच्या नैर्ऋत्येस एका गल्लीत मोटारी धुण्याचा आणि त्यांना लेप चढवण्याचा एक छोटा कारखाना आहे. त्याचे वृद्ध मालक आणि त्यांच्या हाताखालचे चार-पाच कारागीर सणापूर्वीचा आठवडा आणि सणानंतरचा पंधरवडा ज्या निष्ठेने राबतात, ती पाहण्यासाठी मी तेथे वारंवार जाऊन बसत आलो आहे. तरुण कारागीर या मालकांना 'लुंग', म्हणजे काका, असे म्हणतात. मीही तेच म्हणतो. मोटारीचा रंग ही एक पातळ आणि पुन्हा न उगवणारी त्वचा आहे, पाण्याने तिला सहसा अपाय होत नाही, अपाय होतो तो पाणी ओसरल्यावर मागे राहणाऱ्या वस्तूंनी आणि त्या वस्तू घाईने पुसून काढणाऱ्या मालकाच्या हाताने, हा लुंगचा सिद्धांत आहे. त्यांच्या कामाची प्रत्येक पायरी या सिद्धांतावरून कशी निष्पन्न होते ते सविस्तर सांगावे, एवढ्याचसाठी हा लेख लिहिला आहे.

मोटारीच्या पत्र्यावरील रंग हा एकच एक पदार्थ नव्हे. मोटार बनवणाऱ्या कारखान्यात पत्रा प्रथम रासायनिक स्नानातून निघतो, मग विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने त्याच्यावर गंजविरोधी अस्तर बसवतात, त्यावर प्रायमर, त्यावर ज्याला आपण रंग म्हणतो तो थर, आणि सर्वांच्या वर क्लिअर कोट या नावाने ओळखला जाणारा पारदर्शक लेप चढवतात. अस्तराची जाडी सुमारे 20 मायक्रॉन, प्रायमरची 30 च्या आसपास, रंगाची 15 ते 20, आणि पारदर्शक लेपाची 40 ते 50. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस सरासरी 70 मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ज्या झळाळीसाठी माणसे लक्षावधी रुपये मोजतात ती केसाहूनही बारीक अशा एका पापुद्र्यावर उभी आहे हे उमगते. या पापुद्र्यातच सूर्याचे अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये मिसळलेली असतात. तो झिजला की खालच्या रंगाचे छत्र नाहीसे होते, प्रथम टप आणि बॉनेट निस्तेज होतात, मग लेपाची सालपटे निघू लागतात, आणि त्यानंतर पुन्हा रंगकाम करण्यावाचून कोणताही इलाज उरत नाही. पॉलिश करणे याचा खरा अर्थ या लेपातून काही मायक्रॉन घासून काढणे असा आहे. चरा भरून येत नाही. चऱ्याच्या आजूबाजूचा प्रदेश त्याच्या पातळीपर्यंत खाली आणला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. हा व्यय किती वेळा करावयाचा याला मर्यादा आहे, आणि म्हणूनच जो चरा पडूच दिला नाही तो सर्वांत स्वस्त, असे लुंग नव्या गिऱ्हाइकाला समजावून सांगतात.

सणापूर्वीच्या आठवड्यात येणारी मोटार प्रथम सावलीत उभी करतात आणि पत्रा हाताला थंड लागेपर्यंत तिच्यावर पाण्याचा थेंबही घालत नाहीत, कारण एप्रिलच्या उन्हात काळ्या मोटारीचा टप भाजण्याइतका तापलेला असतो आणि अशा पत्र्यावर शाम्पू क्षणात वाळून डाग सोडतो. मग ते राखेकडे वळतात. लाकूड आणि पाचट जळून उरलेली राख ओली झाली म्हणजे क्षारधर्मी होते, आणि तिच्यात मातीचे कठीण कण मिसळलेले असतात. यास्तव तिला फडके लावावयाचे नाही, तिला वाहत्या पाण्याने वाहून न्यावयाचे. टपावरून खाली, काचांवरून खाली, बॉनेटवरून खाली असे मंद धारेने पुष्कळ वेळ पाणी सोडल्यावर फेस फवारतात, तो काही मिनिटे मळ सुटा करीत राहतो, आणि तो वाळण्यापूर्वी पुन्हा पाण्याने काढतात. इतके झाल्यावरच कारागिराचा हात मोटारीला लागतो. त्यानंतर लुंग स्वतः हातात प्रखर दिवा घेऊन प्रत्येक पत्रा तिरप्या उजेडात तपासतात. जुन्या मोटारीवर त्या दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे उमटतात. वास्तविक चरे सर्व दिशांनी गेलेले असतात, परंतु दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्यांना वर्तुळाचा भास होतो. या पाहणीत खड्याने उडालेला टवका दिसला तर तो आधी टचअपच्या रंगाने भरून वाळवतात, कारण पुढील तीन दिवस तेथून पाणी अस्तराच्या कडेपर्यंत पोहोचण्याची धास्ती असते. पुढच्या काचेवर खड्याचा फुटका ठिपका असेल तर गिऱ्हाइकाला स्पष्ट शब्दांत सूचना मिळते: येथे सणात पिंपांत बर्फाच्या लाद्या टाकतात, आणि तापलेल्या काचेवर बर्फाचे पाणी आदळले म्हणजे अशा ठिपक्यापासून तडा पसरू शकतो.

यानंतर लेपाची तजवीज. तीन प्रकारचे इलाज आज उपलब्ध आहेत आणि लुंग तिन्हींचीही कैफियत निःपक्षपातीपणे मांडतात. पहिला मेणाचा. ब्राझीलच्या ईशान्य भागातील कार्नाउबा नावाच्या ताडवर्गीय वृक्षाच्या पानांवर जे कठीण मेण धरते ते 82 ते 86 अंश सेल्सियसला वितळते, आणि मोटारीच्या उत्तम मेणांत त्याचा अंश असतो. तथापि ते तेलांत आणि द्रावकांत कालवलेले असल्याने येथील उन्हात काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. दुसरा सिरॅमिक लेपाचा, ज्याला थाई लोक काचेचा लेप म्हणतात. सिलिकावर आधारलेला हा द्रव पत्र्याला घट्ट धरून बसतो, वर्षानुवर्षे राहतो, मळ चिकटू देत नाही, परंतु वाळूच्या कणाने चरा पडणे तो थांबवू शकत नाही. तिसरा पारदर्शक पॉलियुरेथेनच्या फिल्मचा. सुमारे 150 ते 200 मायक्रॉन जाडीची ही फिल्म खरेखुरे चिलखत आहे, बारीक चरे उन्हाच्या उष्णतेने तिच्यात आपोआप मिटतातही, मात्र तिची किंमत साऱ्यांना परवडणारी नाही. सिरॅमिक लेपाविषयी एक गोष्ट जाहिरातींत सांगितली जात नाही आणि लुंग ती आवर्जून सांगतात. या लेपावर पाण्याचे टपोरे गोल थेंब उभे राहतात, ते पाहून मालक सुखावतो. पण उन्हात उभ्या मोटारीवर प्रत्येक थेंब जागच्या जागी आटतो आणि आपल्यातील सारे क्षार एका लहानशा वर्तुळात सोडून जातो. पाणी पसरून सरळ ओघळून जाते असा पृष्ठभाग त्या मानाने कमी डागाळतो. म्हणून काचेचा लेप घेतलेल्या मोटारीने सणात आपण सुरक्षित आहोत अशी खातरजमा करून घेऊ नये. तिला तर संध्याकाळच्या स्नानाची अधिकच निकड असते. जो माणूस नियमाने आणि योग्य रीतीने मोटार धुतो त्याला साधे मेण पुरे, आणि जो धुणार नाही त्याला कोणताही लेप पुरा पडणार नाही, हा त्यांचा अंतिम अभिप्राय.

सणाच्या पहिल्या दिवशी वाट फ्रा सिंग या मंदिरातील प्राचीन बुद्धमूर्तीची मिरवणूक निघते आणि लोक तिच्यावर सुगंधी जल शिंपतात. त्याच दिवशी खंदकाभोवतीची वाहने जणू ताशी चार पावले या गतीने चालू लागतात. अशा वेळी नगराच्या ता फे दरवाजापाशी उभे राहून मी मोटारींवर नेमके काय काय पडते याची नीट पाहणी केली आहे. खंदकाचे पाणी हिरवट असते, त्यात गाळ आणि शेवाळाचे तंतू असतात. नळाचे पाणी स्वच्छ, परंतु क्षारयुक्त. मालमोटारींच्या पिंपांतील पाणी हिमशीतल. त्याखेरीज येणारी वस्तू म्हणजे दिनसोफोंग. लोपबुरी प्रांतात निघणारी ही पांढरी चुनखडीयुक्त माती पाण्यात कालवून, गाळून, तिच्या वड्या उन्हात वाळवतात. उन्हाळ्यात ती पाण्यात भिजवून चेहऱ्याला लावली की त्वचेला थंडावा मिळतो, आणि सोंगक्रानमध्ये अनोळखी माणसाच्याही गालांवर ती दोन बोटांनी हलकेच लावणे हा शुभेच्छेचा प्रकार समजला जातो. ज्या मोटारीच्या काचा बंद असतात तिच्या वाट्याला हीच शुभेच्छा बॉनेटवर, दारांवर आणि काचांवर पंज्यांच्या ठशांच्या रूपाने येते. रासायनिक दृष्ट्या हा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू आणि संगमरवर ज्याचे बनलेले आहेत तोच पदार्थ. शुद्ध स्वरूपात तो मऊ असतो. परंतु रस्त्यावरच्या वाडग्यात तो शुद्ध राहत नाही. शेकडो हातांवरची धूळ, चाकांनी उडवलेला चिखल आणि त्यातील गारगोटीचे कण त्यात मिसळतात. खनिजांच्या कठीणपणाच्या मोस यांनी घालून दिलेल्या श्रेणीत चुनखडीचा क्रमांक 3 आणि गारगोटीचा 7 आहे, हे सांगितले म्हणजे ठसा उमटवणाऱ्या प्रेमळ पंज्याखाली नेमका कोण ओरखडा काढतो याचा उलगडा होतो.

मोटारीत बसलेल्या माणसाने त्या वेळी काय करावे? लुंगचा सल्ला आहे की काहीच करू नये. वायपर चालवू नयेत, कारण दिनसोफोंगच्या पिठाखाली अडकलेली रेती घेऊन वायपरचे रबर काचेवरून फिरले की अर्धवर्तुळाकार चरा कायमचा उमटतो. समोरचे काहीच दिसेनासे झाले तर आधी काचेवर पाण्याचा फवारा सोडून मगच एकदा फिरवावेत, आणि समोरचा उत्साही जमाव तो फवारा स्वतःहून आनंदाने पुरवतो. काच खाली करू नये, कारण काचेच्या दोन्ही अंगांच्या बीडिंगमध्ये पीठ शिरलेले असते आणि काच खालीवर होताना ते तिला घासते. खाली उतरून पुसापुशी तर मुळीच करू नये. पुष्कळ लोक घरी पोहोचताच भिजलेल्या आणि माखलेल्या मोटारीवर कापडी आच्छादन घालतात, आणि आपण तिची मोठी जपणूक केली अशा समाधानात झोपी जातात. रात्रभर वाऱ्याने हलणारे ते कापड आणि खालचे पीठ यांच्या मध्ये रंगाचे काय होते हे त्यांना सकाळी दिसते.

खरे काम संध्याकाळचे, आणि ते त्याच संध्याकाळचे. तीनही दिवस सूर्य कलल्यावर लुंगच्या गल्लीत मोटारींची रांग लागते, आणि कारागीर स्वतः नखशिखांत भिजलेले, गालांवर पांढरे लेप वाळलेले असे, कामाला लागतात. पहिला नियम असा की अर्धा तास पाण्याखेरीज कशाचाही स्पर्श होऊ द्यावयाचा नाही. दाबाच्या पाण्याचे यंत्र त्यांच्याकडे आहे, परंतु नळीचे तोंड ते पत्र्यापासून हातभर लांब धरतात आणि फिल्मच्या कडांवर किंवा टवक्यांवर धार रोखत नाहीत. वाळलेले पीठ लगेच सुटत नाही. ते पुन्हा ओले व्हावे लागते, फुगावे लागते, मग आपल्या वजनाने घसरते. या प्रतीक्षेत नवखा कारागीर चुळबुळतो, त्याचा हात फडक्याकडे जातो, आणि लुंग नुसती मान हलवून त्याला थांबवतात. नंतर फेस, मग नावाच्या अक्षरांभोवती, इंधनाच्या झाकणाच्या खाचेत, आरशांच्या बुडाशी आणि वायपरच्या खालच्या जाळीत मऊ केसांच्या कुंचल्याने फेस घोळवणे, मग पुन्हा पाणी. बीडिंगच्या फटींतून पांढरे ओघळ येण्याचे थांबेपर्यंत त्या फटींत धार सोडत राहतात.

आता कुठे हातमोजा बाहेर येतो. बादल्या दोन असतात, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे. मोजा शाम्पूत बुडवून एक पत्रा धुवावयाचा, साध्या पाण्यात खळबळून मळ सोडवावयाचा, आणि मगच पुन्हा शाम्पूत घालावयाचा. दोन्ही बादल्यांच्या तळाशी जाळी असते, तिच्याखाली बसलेली रेती पुन्हा वर येत नाही. हात गोल फिरवावयाचा नाही, सरळ रेषेत न्यावयाचा, आणि भार केवळ मोज्याच्या वजनाचा. टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा अर्धा भाग, डिकी असा क्रम ठरलेला. चाकांजवळचा आणि दारांखालचा पट्टा सर्वांत शेवटी आणि वेगळ्या मोज्याने, कारण सर्वांत कठीण रेती तेथेच असते. भांडी घासण्याचा साबण या कारखान्यात दिसणार नाही. तो तेल काढण्यासाठीच घडवलेला असल्याने आठवड्यापूर्वी लावलेले मेणही सोबत घेऊन जातो. सुकवताना दाट लव असलेला मायक्रोफायबरचा मोठा टॉवेल पत्र्यावर पसरून वरून थोपटतात आणि उचलतात. सहाणेवर पाणी, खोड आणि दाब ही तीन एकत्र आली की चंदन झिजते. रेती, ओलावा आणि हाताचा जोर यांची नेमकी तीच युती रंगावर होऊ नये, एवढ्यासाठी हा सारा जाबता आहे.

इतके सांगूनही काही मोटारी दोन-तीन दिवस उशिरा येतात, आणि त्यांच्या काळ्या पत्र्यावर पांढरी वर्तुळे उठलेली असतात. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट पाणी आटताना कार्बोनेट होऊन मागे उरते, आणि हे कार्बोनेट साध्या पाण्यात पुन्हा सहज विरघळत नाही; म्हणून कितीही धुतले तरी डाग जागचा हलत नाही आणि मालक चिडून जोर लावतो. येथे जोर व्यर्थ असून आम्ल उपयोगी पडते. साध्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून, त्यात भिजवलेले मऊ कापड थंड पत्र्यावर मिनिटभर नुसते ठेवतात. क्षार विरघळतो, लगेच भरपूर पाणी ओततात, शाम्पूने धुतात आणि नवे मेण लावतात. ऊन लागलेल्या पत्र्यावर हा प्रयोग करावयाचा नाही आणि व्हिनेगर वाळू द्यावयाचे नाही, या दोन अटी कडक आहेत. ज्या डागाने उन्हाच्या साहाय्याने लेपातच खड्डा पाडला असेल तो मात्र याने जात नाही. तेथे पॉलिशचे यंत्र आणावे लागते, आणि लुंग ते आणण्यापूर्वी जाडी मोजण्याचे उपकरण पत्र्यावर टेकवून आकडा पाहतात. आकडा फार कमी आला तर ते काम नाकारतात. डाग राहिला तरी चालेल, लेप राहिला पाहिजे, असे ते गिऱ्हाइकाला सांगतात. पैसे देऊ करणाऱ्या माणसाला परत पाठवणारा हा निर्णय मी तेथे पाहिला आहे, आणि कारागिराच्या सचोटीची याहून स्पष्ट खूण मला ठाऊक नाही.

मोटारीची आतील सफाई करताना तेथील कारागीर एक गोष्ट कधीही पुसत नाहीत. थायलंडात नवी मोटार घेतली म्हणजे कुटुंब ती मंदिरात नेते, आणि भिक्षू मंत्र म्हणत चालकाच्या डोक्यावरील छताच्या अस्तरावर पांढऱ्या लेपाचे ठिपके काढतात. हा लेपही सुगंधी जलात कालवलेल्या दिनसोफोंगचाच असतो. ज्या पदार्थाला बाहेरून धुऊन काढण्यासाठी दोन तास खर्ची पडतात तोच पदार्थ आत, जेथे कोणी हात फिरवत नाही आणि जेथे त्याच्यावरून काहीही घासत जात नाही, तेथे वर्षानुवर्षे निर्धोक राहतो. अपाय पदार्थात नसून घर्षणात आहे, हे सूत्र मला लुंगच्या व्याख्यानापेक्षा त्या छतावरच्या ठिपक्यांनी अधिक पक्के समजावले.

हे सूत्र महाराष्ट्रातही जसेच्या तसे लागू पडते. धुळवडीला आणि रंगपंचमीला आपल्या मोटारींवर रंगीत पाणी पडते, गणपतीच्या मिरवणुकीत गुलाल पडतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण कोरडे फडके घेऊन झटकायला लागतो. गुलालाची भुकटी मऊ असली तरी रस्त्यावरची रेती तिच्यात मिसळलेली असतेच. आणि रंगीत पाणी एकदा पुन्हा रंगकाम केलेल्या पत्र्यावर किंवा उघड्या प्लॅस्टिकवर वाळू दिले तर त्याची छटा मुरते. मुंबई-पुण्याच्या वसाहतींत पहाटे मोटारी पुसणारा माणूस एकाच बादलीत आणि एकाच फडक्याने ओळीने अनेक मोटारी पुसत जातो. दोष त्याचा नाही, त्याला तितकेच पाणी आणि तितकाच वेळ दिलेला असतो. पण सणाच्या दुसऱ्या दिवशी तरी त्याला थांबण्यास सांगावे, आधी मोटारीवर दोन-चार बादल्या पाणी वरून मंद ओतावे, आणि हात मागाहून लावावा. जेथे पाण्याचे दुर्भिक्ष आहे तेथे मोटार तशीच रंगलेली राहू देणे हे कोरडे फडके मारण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर, कारण वाळलेला गुलाल आठवडाभर थांबतो, पण पडलेला चरा परत जात नाही.

राहता राहिला एक प्रश्न, जो मी लुंगना विचारला होता: इतका सारा खटाटोप करण्यापेक्षा तीन दिवस मोटार घरीच का ठेवू नये? ज्याला शक्य आहे त्याने ठेवावी, असे ते म्हणाले, परंतु आपल्या गिऱ्हाइकांना हा सल्ला ते देत नाहीत. उत्तरेकडे 15 एप्रिलला फाया वान, म्हणजे नववर्षाचा मुख्य दिवस, असतो आणि त्या दिवशी मुलेबाळे घेऊन, शिकेकाईचे जल आणि नवी वस्त्रे घेऊन, लोक दूरदूरच्या गावी आजी-आजोबांकडे जातात. वाटेतील प्रत्येक गावात पोरे बादल्या घेऊन उभी असतात, आणि त्यांना चुकवून जाणारा रस्ता नाही. मोटार ज्यासाठी घेतली ते काम याच दिवशी सर्वांत अगत्याचे असते. तिची कांती राखावयाची म्हणून ते काम टाळणे, किंवा बादली उचललेल्या पोरावर काचेआडून डोळे वटारणे, हे दोन्ही त्यांना सारखेच अनुचित वाटते. उत्सव करणाऱ्याने आपला हात आखडता घ्यावा अशी अपेक्षा न धरता, जी वस्तू आपली आहे तिची जबाबदारी आपण घ्यावी, सणाआधी तिला सज्ज करावे, सणात तिला मोकळेपणाने भिजू द्यावे, आणि संध्याकाळी थकलेले असतानाही तासभर पाण्याची नळी धरून उभे राहावे, हाच त्यांच्या मते सभ्य माणसाचा मार्ग आहे, आणि तो मला मनापासून मान्य आहे.